हिवराळे काकांची साखळी आणि माझी मोजणी

मोतीराम हिवराळे काकांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडण अर्थातच मी काढले होते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गारखेड्यात आमच्या गल्लीत तेव्हा रस्ता रुंद होणार अशी आवई उठली होती आणि जो तो आपल्या कुंपणाच्या भिंतीकडे काळजीने बघत होता. अशात एका पहाटे दुधाची पिशवी घ्यायला दार उघडले, तर फाटकासमोर एक वयस्क गृहस्थ उकिडवे बसून रस्त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारत होते. शेजारी रंगाचा डबा आणि एक मळकी गोणपाटाची पिशवी. मी कोण-कुठले काही विचारले नाही. कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क असल्याने आवाज चढवायची सवय आहेच. म्हटले, "कुणाच्या परवानगीने खुणा करताय? आधी कागद दाखवा!"

ते सावकाश उठले, ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात जोडले. "बाई, भिंत पाडाया नाय आलो. तुमच्या दारात बरोबर दोन किलोमीटर व्हतात. पळणाऱ्यांना कळावं म्हणून रेघ मारतोय."

"मग शेजाऱ्यांच्या दारात मारा की!"

"तिथं एकोणीसशे ऐंशीच भरतात," काका म्हणाले. तेही अगदी गंभीरपणे. वीस मीटरसाठी एका चिडलेल्या बाईचा रोष पत्करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

काका भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे शेतांची मोजणी करणारे. निवृत्त झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी धावायला सुरुवात केली आणि पुढे चार जणांना जमवून 'पहाटवारा धावक मंडळ' उभे केले. आज मंडळात सत्तरच्या वर माणसे आहेत आणि काका पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात मला लिहायला मिळाले, याचा आनंद आहे. धाकधूकही आहे. तिचे कारण पुढे येईल.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखरेची भीती घातल्यावर, मंडळात गेले. धावणे दूरच, आधी चालतानाच धाप लागायची. सासर डोणगावचे, घरात शेतीवाडी, चार लोकांत नाव. सुनेने ट्रॅकपँट घालून रस्त्यावर पळणे म्हणजे आमच्याकडे जवळजवळ बातमीच. पहिल्या दहा किलोमीटरच्या दिवशी मी सगळ्यात शेवटी होते, आणि शेवटी म्हणजे इतरांच्या पाऊण तास मागे. एव्हाना सगळे घरी जाऊन अंघोळी करून बसले असतील, अशी खात्री धरून मी मैदानावर पोचले. पाहते तो सगळे ओट्यावर बसलेले आणि चहाचा थर्मास मध्ये तसाच बंद.

मंडळाचा हा नियम काकांनी घातलेला आहे. शेवटचा माणूस आल्याशिवाय थर्मासचे झाकण उघडायचे नाही. औरंगपुऱ्यात कापडाचे दुकान असलेले आमचे रफिकभाई त्या दिवशी कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, कल से जरा जल्दी आया करो. चाय के वास्ते इतना इंतजार तो मेरी शादी में बी नहीं किया मैं!" सगळे हसले, मीही हसले. घरी जाताना मात्र मला रडू आले. माझ्यासाठी कुणी चहा अडवून ठेवला आहे, असे त्या आधी कधी झाले होते, ते आठवेना.

दुसरा नियम घड्याळांच्या पिशवीचा. रविवारी लांबचे धावणे असते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपले घड्याळ आणि मोबाइल काकांच्या पिशवीत टाकायचा. "मनगटाकडं बघत पळणारा माणूस रस्ता बघत नाय," असे काका म्हणतात. वेळ फक्त त्यांच्याकडच्या एका घड्याळावर मोजली जाते आणि एका लांबट वहीत लिहिली जाते. अंतर कळते ते रस्त्याकडेच्या काकांच्या पांढऱ्या खुणांवरून. नवी माणसे सुरुवातीला कुरकुरतात. त्यांच्याकडे उपग्रहाशी बोलणारी घड्याळे असतात. पण महिन्याभरात तीही पिशवीत घड्याळ टाकून मोकळी होतात, कारण काकांची खूण म्हणजे खूण.

हा विश्वास उगाच नव्हता. माझे सासरे काकांना कधी भेटले नव्हते, पण नाव ऐकताच म्हणाले, "तो मोजणीवाला हिवराळे? त्यानं दावला तिथं बांध. मग भाऊबंद किती का भांडंनात." काका मोजणीला जाताना स्वतःचे पाणी आणि भाकरी घेऊन जात. नोकरीच्या सुरुवातीला काही गावांत त्यांना पाणी विचारलेच जात नसे. पुढे लोक आग्रह करू लागले, तेव्हा काकाच घेईनासे झाले. एकाच्या घरचे पाणी प्यायलो तर दुसऱ्याला वाटेल मोजणीची साखळी तिकडे झुकली, एवढेच ते सांगतात. त्यांच्या मोजणीवर लोकांनी तक्रारी केल्या, वरच्या साहेबांनी येऊन फेरमोजणी केली, आणि प्रत्येक वेळी बांध काकांनी दाखवला तिथेच निघाला. या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. बोलून दाखवत नाहीत, पण आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येते. या ग्रंथाच्या संपादकांनी मला पत्र पाठवून सुचवले, की सहा वर्षांपूर्वी पडेगाव रस्त्याच्या मोजणीत काकांकडून झालेली चूक त्यांनी किती मोकळेपणाने मान्य केली, त्यावर आपण लिहावे. थोरांचा विनय त्यातून दिसतो. मंडळाच्या वहीतले ते पानही ग्रंथात छापणार आहेत म्हणे. पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही नीट. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले.

आमचा लांबचा रस्ता पडेगावहून निघून दौलताबादच्या दिशेने जातो. आठ किलोमीटरवर एक मोठी चिंच आहे, तिला हात लावून परत यायचे. एक फेरा सोळाचा, दोन फेरे बत्तीसचे. पूर्ण मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, आणि तिच्या तयारीत हे बत्तीस फार मोलाचे. त्या वर्षी मंडळातले सात जण पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार होते. मी अर्धीसाठी नाव दिले होते. नेमके त्याच वेळी रस्त्याचे काम निघाले, वळण सरळ झाले, नवे डांबर पडले आणि काकांच्या खुणा त्याखाली गेल्या. त्यातच काकांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, डोळ्याला पट्टी.

काकांनी मला घरी बोलावून ती गोणपाटाची पिशवी हातात दिली. आत त्यांची जुनी मोजणीची साखळी होती, लोखंडी कड्यांची, वीस मीटरची. तोंड सुतळीने बांधलेले. म्हणाले, "शोभाताई, किलोमीटरला पन्नास वेळा साखळी टाकायची. ताणून धरायची, ढील नको. दोघं जा. दोन-तीन सकाळी लागतील. तुम्ही कचेरीतल्या, तुमचा आकडा चुकायचा नाय." मंडळात इतकी माणसे असून त्यांनी मला निवडले, याने मी फुलून गेले.

रविवारी यजमानांना घेऊन मी पडेगावला गेले. रस्त्याला वर्दळ होती. टपरीवर पाच-सहा माणसे चहा पीत होती, त्यात एक सासरच्या ओळखीचे. त्यांनी लांबून हात केला, "काय वहिनी, आज इकडं कुठं?" माझ्या हातात गोणपाटाची पिशवी आणि मनात एकच विचार: डोणगावकरांची सून भररस्त्यात वाकून साखळी ओढणार? यजमान म्हणाले, "स्कूटरला मीटर आहे की. कशाला हे?" मला तेच ऐकायचे होते. आम्ही स्कूटरवर बसलो. मीटरचा एकेक आकडा बदलला की मी उतरून पांढरी रेघ मारायची. अर्ध्या तासात आठही खुणा मारून झाल्या. आठवी चिंचेच्या बरीच अलीकडे आली, तर नव्या रस्त्याने वळण गेले ना, म्हणून अंतर बदलले असेल, असे मीच स्वतःला समजावले; वळण सरळ झाले की अंतर घटते, वाढत नाही, हे मनात येऊच दिले नाही. पिशवी काकांच्या घरी पोचवली. पट्टी बांधलेल्या काकांनी विचारले, "झालं नीट?" मी म्हटले, "झालं."

त्या एका शब्दाची लाज मला आजही वाटते.

स्कूटरचे टायर झिजलेले होते. झिजलेल्या चाकाचा मीटर जास्त पळतो, हे मला नंतर कळले. आठ किलोमीटर म्हणून मी मारलेली खूण प्रत्यक्षात साडेसातच्याही आत होती. सगळे आता चिंचेऐवजी त्याच खुणेवरून वळत होते, म्हणजे आमचे बत्तीस हे बत्तीस नव्हतेच, अडीच-तीन किलोमीटर कमी होते. आणि काकांच्या वहीत वेळेला त्या खोट्या अंतराने भागले जात होते, त्यामुळे प्रत्येकाचा वेग खऱ्यापेक्षा चांगला दिसत होता. रफिकभाई तर हवेतच होते. "काका, मैं तो हरन हो गया!" घड्याळे पिशवीत होती, खुणा काकांच्या नावाने होत्या, शंका घ्यायची कुणी?

मॅरेथॉनच्या दिवशी रफिकभाईंनी दुकानावर पाटी लावली होती: 'मालक पळायला गेले आहेत, उद्या या.' त्यांची लेक नाशिकहून हार घेऊन आली होती. सातही जण वहीतल्या वेगाने निघाले. तो वेग त्यांचा नव्हताच. मी माझी अर्धी पुरी करून, पदक गळ्यात घालून, काकांशेजारी शेवटच्या कमानीपाशी उभी होते. तीन जण कसेबसे आले. बाकी चौघे तिसाव्या किलोमीटरच्या पुढे एकेक करून बसले. रफिकभाई सदतिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे येऊन रस्त्याकडेला पडले होते. वेळ संपल्यावर आयोजकांच्या गाडीतून त्यांना आणले. लेकीने हार पाठीमागे लपवला. रफिकभाईंनी तो बघितला.

"काका," ते एवढेच म्हणाले, "बत्तीस तो आराम से होता था मेरेकू."

त्याच आठवड्यात मंडळातल्या एका इंजिनिअरने मनगटावर घड्याळ बांधून पडेगावचा रस्ता पुन्हा धावून पाहिला. रविवारी चहाआधी त्याने सगळ्यांदेखत सांगितले, "काका, खुणा चुकल्यात. प्रत्येक किलोमीटर कमी भरतोय."

मी थर्मासकडे बघत राहिले. काकांनी माझ्याकडे एकदाच बघितले. मग वही मांडीवर घेतली, म्हणाले, "व्हय. मोजणी चुकली. माझी चूक हाय." आणि सगळ्यांसमोर वहीत लिहिले: 'पडेगाव मार्ग चुकीचा मोजला. मो. हिवराळे.'

हेच ते पान. हाच तो विनय.

मी त्या संध्याकाळी काकांच्या घरी गेले. तोंड उघडायच्या आत त्यांनी गोणपाटाची पिशवी समोर ठेवली. "रफिकभाई पडले तवाच शंका आली. काल माळ्यावरनं काढली," म्हणाले. "सुतळीची गाठ माझीच हाय. मी बांधली तशी. सुटलीच नाय."

मी ढसाढसा रडले. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणून दिले आणि त्या आत निघून गेल्या. मी म्हटले, "मग तुम्ही माझे नाव का नाही घेतले? आयुष्यभरात तुमची एक मोजणी चुकली नाही, आणि माझ्यामुळे—"

"मोजणीत चूक सही करणाराची असते, साखळी धरणाराची नाय," काका म्हणाले. "डोळ्याला पट्टी व्हती म्हणून मी तपासलं नाय. पट्टी सुटल्यावर तरी तपासायला पायजे व्हतं. अन् दुसरं सांगू? तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही उद्यापासून आला नसता. साखर पुन्हा वाढली असती. माझं काय, माझी नोकरी झाली."

"मी सांगते सगळ्यांना."

"सांगा. पण आज नको. तुम्हाला झेपंल तवा सांगा. आधी रस्ता मोजू."

पुढचे तीन रविवार आम्ही रस्ता मोजला. एका टोकाला मी, मध्ये हिरवा चष्मा घातलेले काका आकडा मोजताना, आणि दुसऱ्या टोकाला, काकांनीच मुद्दाम बोलावलेले, रफिकभाई. ज्यांचे पदक मी घालवले, त्यांच्यासोबत साखळी धरायला काकांनी मला उभे केले. एक शब्दही न बोलता केलेली याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही. चारशे वेळा वाकले. टपरीवरची माणसे बघत होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे लक्ष जाईनासे झाले.

रफिकभाई काकांना चिडवत होते. "क्या काका, बुढापे में साखळी बी धोका दी क्या?" काका हसत. "हौ रे बाबा, दिली." मी खाली बघून कडी ताणून धरायची.

पुढच्या वर्षी रफिकभाईंनी बेचाळीस पुरे केले. लेक तोच हार, नवा करून, घेऊन आली होती. त्याच्या पुढच्या वर्षी मी पूर्ण मॅरेथॉन धावले. पस्तिसाव्या किलोमीटरला पाय माझे राहिले नव्हते; तिथून पुढे दर किलोमीटरला मनात साखळी टाकत गेले, पन्नास, पुन्हा पन्नास. कमानीपाशी काका थर्मास घेऊन बसले होते. मी मंडळात शेवटी आले होते, म्हणून झाकण बंद होते.

सांगायचे मात्र राहून गेले. आज सांगू, उद्या सांगू, यात सहा वर्षे गेली. रफिकभाई दर मोजणीला तेच चिडवत राहिले, काका तसेच हसत राहिले, आणि काकांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी औरंगपुऱ्यात दुकानावर गेले आणि रफिकभाईंना हा भाग वाचून दाखवला. त्यांनी हातातला कापडाचा तागा खाली ठेवला. मला वाटले, पदकाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "छे साल, ताई. छे साल मैं उस आदमी कू चिढाता रहा. और तुम सुनते रहे."

मी लेखाचे कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले.

मग त्यांनी काकांना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून नेहमीचा आवाज आला, "जयभीम, बोला." रफिकभाई तागा पुन्हा गुंडाळू लागले. काका दोनदा "कोण? कोण?" म्हणाले. शेवटी रफिकभाई म्हणाले, "काका, इतवार को कितने बजे?"

"नेहमीचंच की, साडेपाच," काका म्हणाले. "असं काय विचारतो? तब्येत बरी हाय ना?"

फोन ठेवून रफिकभाईंनी चहा मागवला. दोन कप आले. एक माझ्याकडे सरकवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. पण सरकवला.

संपादकांना माझी नम्र विनंती आहे, की वहीतले ते पान अवश्य छापावे, पण त्याखाली हेही छापावे: पडेगावची मोजणी हिवराळे काकांची नव्हती, माझी होती. त्यांच्या हातून एकही मोजणी चुकलेली नाही. काकांना हा लेख आधी दाखवलेला नाही, कारण दाखवला असता तर त्यांनी हा भाग खोडायला लावला असता, आणि त्यांचे न ऐकण्याची माझ्यात आजही हिंमत नाही.

काका, तुमच्यामुळे माझी साखर आटोक्यात आहे, पाय चालते आहेत आणि माझ्यासाठी चहा अडवून धरणारी सत्तर माणसे आहेत. हे ऋण फिटायचे नाही, आणि फेडायची घाईही नाही. तुम्ही शंभरी गाठा. गुडघे शाबूत, नजर लख्ख, रंगाचा डबा हातात, अशी गाठा. आणि तोवर गल्लोगल्लीच्या चिडक्या बायकांना वीस मीटरसाठी अशीच शांत उत्तरे देत राहा.

पडेगावचा रस्ता गेल्या महिन्यात पुन्हा उकरला आहे. खुणा पुन्हा गेल्या आहेत. हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल, त्यानंतरच्या रविवारी साडेपाचला मी आणि रफिकभाई चिंचेच्या वाटेवर उभे असू. या वेळी पिशवीची गाठ मी सोडणार आहे, तुमच्यासमोर.

— शोभा डोणगावकर